नैसर्गिक जलातील लेशधातूंचे विलगीकरण व आयन-विनिमय रेझिन : एक ऐतिहासिक मागोवा

समुद्राच्या पाण्यातील तांबे मोजताना खरी अडचण तांब्यापेक्षा कॅल्शियम व मॅग्नेशियमची असते. एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम व कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम असते. तांबे मात्र नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावे लागते. अशा गर्दीतून नेमका धातू वेचून काढणारे द्रव्य घडविण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

आयन-विनिमयाची पहिली पद्धतशीर नोंद शेतीच्या संदर्भात झाली. इंग्लंडमधील जमीनमालक एच. एस. थॉम्प्सन व रसायनतज्ज्ञ जे. टी. वे यांनी १८५० मध्ये दाखवून दिले की, अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून झिरपल्यावर अमोनिया मातीत राहतो व त्याच्या जागी कॅल्शियम बाहेर पडते. पुढे १९३५ मध्ये टेडिंग्टन येथे ॲडम्स व होम्स यांनी फिनॉल-फॉर्माल्डिहाइडपासून कृत्रिम विनिमयक तयार केले. १९४४ मध्ये डी'अलेलिओ यांना पॉलिस्टायरीनवर आधारित रेझिनचे पेटंट मिळाले. ही रेझिने पाणी मृदू करण्यास उत्तम होती. परंतु त्यांना तांबे व कॅल्शियम यांतील भेद फारसा कळत नसे.

तो भेद साधला इमिनोडायॲसिटेट गट जोडलेल्या रेझिनांनी. हा गट धातूचा आयन एकाच वेळी अनेक बिंदूंनी पकडतो आणि संक्रमण धातूंवरील त्याची पकड अधिक घट्ट असते. रायली व टेलर यांनी १९६८ मध्ये अशी रेझिने सागरजलातील लेशधातूंसाठी वापरली. तरीही विपुल कॅल्शियम स्तंभात अडकतच होते. १९७८ मध्ये किंगस्टन व सहकाऱ्यांनी अमोनियम ॲसिटेटने स्तंभ धुऊन ते काढून टाकले आणि मग नायट्रिक आम्लाने आठ धातू उतरविले. पद्धतीचे सारे यश या मधल्या धुण्यात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

त्याच सुमारास एक अप्रिय सत्यही पुढे आले. ब्रुलँड व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये नमुना घेण्यापासून कडक स्वच्छता पाळून तांबे, कॅडमियम, जस्त व निकेल मोजले. जुने आकडे अनेकदा कितीतरी अधिक होते. त्यांत बाटल्या, अभिकारके व प्रयोगशाळेतील धूळ यांचा वाटा मोठा होता. सागराच्या रसायनशास्त्रातील पूर्वीची अनेक मापने त्यामुळे बाद करावी लागली.

फ्लोरेन्स व बॅटली यांनी १९७६ मध्येच दुसरी मर्यादा दाखविली होती. कलिल कणांना बांधलेला धातू रेझिनमध्ये न थांबता पुढे निघून जातो. हाच दोष नंतर उपयोगी पडला : रेझिनने न पकडलेला अंश वेगळा मोजून धातूची रूपे ओळखता येऊ लागली. सामू बदलताच इमिनोडायॲसिटेट रेझिन फुगते व आकसते. या गैरसोयीमुळे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन स्थिर आधारावर जोडण्याकडे संशोधक वळले. स्टर्जन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिलिका, तर लँडिंग व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये व्हिनाइल बहुवारिक वापरले.