२६ ऑक्टोबर १८८२ : टिळक-आगरकरांची डोंगरीच्या तुरुंगातून सुटका

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगातून १८८२ साली या दिवशी सुटले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही त्यांची वृत्तपत्रे सुरू होऊन तेव्हा जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी वेडे ठरवले गेले होते. त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप या वृत्तपत्रांनी केला. त्यासाठी जी पत्रे पुराव्यादाखल पुढे आली, ती न्यायालयात बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला मागे घेतला नाही. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातील काही दिवसांची सूट मिळाली.

पुरावा कच्चा होता, हे खरेच. पण तुरुंगवासाने वृत्तपत्रांची पत घटली नाही, उलट वाढली. खटल्याच्या काळात महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. पुढे फुल्यांचे अनुयायी आणि टिळक यांच्यात जे अंतर पडले, ते पाहता ही मदत विशेष म्हणावी लागेल. आगरकरांनी या कैदेची हकीकत ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहिली. छत्रपतींचा मात्र १८८३च्या डिसेंबरात अहमदनगर येथे नजरकैदेतच मृत्यू झाला.