नित्य प्रार्थनेचा नियम : ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

सरत्या वर्षाच्या अखेरच्या रात्री अनेक चर्चमध्ये मध्यरात्रीची उपासना होते. त्या रात्री मनोमन केलेल्या संकल्पांमध्ये ‘यंदा रोज नेमाने प्रार्थना करीन’ हा संकल्प बहुधा असतोच. पहिला आठवडा उत्साहात जातो. पहाटे उठून बायबलचा एक अध्याय वाचला जातो, अर्धा तास प्रार्थनेला दिला जातो. मग एखादी रात्र जागरणाची ठरते, मुलाला ताप येतो, कार्यालयातून उशीर होतो आणि एक दिवस चुकतो. एकाचे चार होतात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत बायबल पुन्हा कपाटात गेलेले असते आणि त्याच्या जागी मनात एक अपराधी भाव मुक्कामाला येतो. विरारहून वा कल्याणहून सकाळची लोकल पकडणाऱ्या श्रद्धावंताची ही अडचण नवी नाही. दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती परंपरेने तिचा पुष्कळ विचार केलेला आहे आणि त्या विचाराचा रोख आजच्या संकल्पांच्या अगदी उलट दिशेला आहे.

आपण प्रथम भावना जागी होण्याची वाट पाहतो आणि मग प्रार्थनेला बसतो. परंपरा मात्र आधी वेळ ठरवते, शब्द हाती देते आणि भावना येवो न येवो, त्या वेळेला हजर राहायला सांगते.

ही वेळ ठरवण्याची रीत ख्रिस्ती धर्माला ज्यू धर्माकडून मिळाली. दानिएल दिवसातून तीन वेळा यरुशलेमच्या दिशेच्या खिडकीशी गुडघे टेकत असे. 55 व्या स्तोत्राचा कर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार असा क्रम सांगतो, तर 119 व्या स्तोत्रात दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचा उल्लेख आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या ठरलेल्या प्रहरी मंदिराकडे निघालेले दिसतात. स्वतः येशू भल्या पहाटे एकांतात प्रार्थनेला गेल्याचे मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येते. पहाटेच्या प्रार्थनेचा आग्रह धरणारे या प्रसंगाचा दाखला हमखास देतात. मात्र पुढच्याच ओळींकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. शिमोन आणि त्याचे सोबती येशूला शोधत तेथे पोहोचतात आणि सगळे लोक वाट पाहत असल्याचे सांगतात. म्हणजे शुभवर्तमानातील ती आदर्श पहाटही व्यत्ययातून सुटलेली नाही!

पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतरच्या काही दशकांतली मानली जाणारी ‘डिडाखे’ ही छोटी ग्रीक पुस्तिका या बाबतीत उद्बोधक आहे. तिचे पूर्ण हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. त्यात ख्रिस्ती माणसाने येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ दिवसातून तीन वेळा म्हणावी असे सांगितले आहे. सावकाश म्हटली तरी ही प्रार्थना अर्ध्या मिनिटात पूर्ण होते. दैनंदिन प्रार्थनेचा हा अतिशय जुना नियम म्हणजे दिवसाकाठी जेमतेम दीड-दोन मिनिटांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या वर्षाचा अर्ध्या तासाचा संकल्प किती महत्त्वाकांक्षी असतो ते कळते.

पुढे मठांमधून हा नियम वाढत गेला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमावलीत दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ उपासना आहेत. त्यांतून आठवड्याभरात संपूर्ण 150 स्तोत्रे म्हटली जातात. शेती, स्वयंपाक, लेखन ही कामे घंटा वाजताच बाजूला ठेवायची, असा तो दंडक होता. संसारी माणसाला हे झेपणारे नव्हते. म्हणून त्याच्यासाठी या नियमाची लहान रूपे तयार झाली. अक्षरओळख नसलेल्या श्रद्धाळूंनी 150 स्तोत्रांच्या जागी मरियेला वंदन करणारी प्रार्थना 150 वेळा म्हणण्याची प्रथा रुजवली आणि जपमाळ, अर्थात रोझरी, घराघरांत पोहोचली. सकाळ, दुपार, संध्याकाळ चर्चची घंटा वाजली की हातातले काम थांबवून म्हणायची ‘अँजेलस’ प्रार्थना गोव्यात आणि वसईच्या गावांत परिचित आहे. इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी 1549 च्या ‘सामान्य प्रार्थना पुस्तका’त आठ उपासनांच्या दोनच केल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि स्तोत्रांचे चक्र आठवड्याऐवजी महिन्यावर नेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनेही स्तोत्रांचे चक्र लांबवले. तेथे स्तोत्रांचे चक्र आता चार आठवड्यांचे आहे. शतकानुशतके नियम असा आखूड होत आला, तरी ‘जमेल तेव्हा प्रार्थना करा’ असे मात्र कोणी म्हटले नाही.

न्हाव्यासाठी लिहिलेली पुस्तिका

सामान्य कष्टकरी माणसाने प्रार्थना कशी करावी, यावरचे एक अत्यंत व्यवहारी लेखन मार्टिन ल्यूथर यांचे आहे. त्यांची दाढी-हजामत करणाऱ्या पीटर नावाच्या न्हाव्याने त्यांना प्रार्थनेची साधी पद्धत विचारली. त्याला उत्तर म्हणून ल्यूथर यांनी 1535 मध्ये एक पुस्तिकाच लिहिली. प्रार्थना हे सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम असावे, असे ते सांगतात. ‘अजून तासाभराने करू, आधी एवढे काम उरकू’ या विचारापासून सावध राहण्याचा त्यांचा इशारा पाचशे वर्षांनंतर मोबाइल हाती घेऊन उठणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडतो. वस्तऱ्यावर आणि केसांवर ज्याचे लक्ष नाही, तो न्हावी गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाही कापील. मग प्रार्थनेत मन किती एकाग्र हवे, असे ते त्या न्हाव्याच्याच धंद्यातून त्याला समजावतात.

ल्यूथर यांची पद्धत अशी : दहा आज्ञांपैकी एक आज्ञा घ्यावी आणि तिचे चार पदर करावेत. ही आज्ञा काय शिकवते, तिच्याबद्दल आभार कशाचे मानावेत, आपले कोठे चुकले आणि आता काय मागावे? सगळ्या आज्ञा एका बैठकीत संपवण्याची घाई नको. एखाद्याच विचाराशी मन रेंगाळले तर बाकीचे खुशाल सोडून द्यावे.

ठरीव शब्दांची प्रार्थना की उत्स्फूर्त प्रार्थना, हा वाद येथे निघतोच. काही पंथांना छापील प्रार्थना यांत्रिक वाटते, तर काहींना उत्स्फूर्त प्रार्थनेत त्याच त्या मागण्यांची पुनरावृत्ती दिसते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु नित्यनेम टिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर ठरीव शब्दांची बाजू जड ठरते. थकलेल्या संध्याकाळी माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. अशा वेळी स्तोत्रे उपयोगी पडतात. त्यांत केवळ स्तुती नाही. तक्रार आहे, संताप आहे, भय आहे. 88 वे स्तोत्र तर अखेरपर्यंत अंधारातच राहते, कोणताही दिलासा न देता संपते. प्रार्थनेला बसण्यासाठी प्रसन्न मनाची पूर्वअट घालणाऱ्याने ते एकदा वाचावे.

मराठी ख्रिस्ती घरांना तर शब्दांची उणीव कधीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच गोव्यात छापले गेले. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीआधी पंडिता रमाबाई आणि आश्रमातील स्त्रिया रोज प्रार्थनेसाठी एकत्र जमत होत्या. एकट्याचा नेम चटकन मोडतो; चार जणांत बांधलेला नेम मोडताना संकोच वाटतो. घरातल्या सर्वांनी संध्याकाळी एकत्र बसून जपमाळ करण्याच्या किंवा एक पद गाऊन बायबल वाचण्याच्या प्रथेचे बळ त्यात आहे. दूरचित्रवाणीने आणि नोकरीच्या विषम वेळांनी हीच प्रथा पोखरली. आता अनेक घरांत संध्याकाळी सात वाजता सगळे एका ठिकाणी नसतातच. त्यामुळे काही कुटुंबे ती वेळ रात्रीच्या जेवणाआधीच्या दहा मिनिटांवर नेतात, हे समजूतदारपणाचेच आहे.

कोरडे दिवस

नेम मोडण्याचे सर्वांत मोठे कारण वेळेचा अभाव असे सांगितले जाते. अनुभवी मंडळींच्या मते खरे कारण निराळे आहे. प्रार्थनेत काहीच ‘वाटेनासे’ होते आणि माणूस मुकाट्याने ती सोडतो.

या विषयावर आविलाच्या संत तेरेझा (1515–1582) यांच्याइतके प्रांजळपणे क्वचितच कोणी लिहिले असेल. आपल्या आत्मचरित्रात त्या कबूल करतात की, कित्येक वर्षे प्रार्थनेच्या तासापेक्षा घड्याळाचे ठोके कधी पडतात याकडेच त्यांचे अधिक लक्ष असे. एवढेच नव्हे, तर त्यांनी एकांतातील प्रार्थना वर्षभराहून अधिक काळ सोडूनही दिली होती. कारण आळस नव्हता. आपल्यासारख्या दोषी स्त्रीने देवाशी सलगी करणे शोभत नाही, असे त्यांना वाटू लागले होते. वरवर ही नम्रता दिसते. नंतर त्यांनी स्वतःच तिला आयुष्यातला भयंकर मोह ठरवले. फेब्रुवारीत बायबल कपाटात ठेवणाऱ्याच्या मनातला अपराधी भाव हाच आहे. ‘इतके दिवस चुकवले, आता कोणत्या तोंडाने बसू?’ असे वाटत राहते आणि खाडा लांबत जातो.

तेरेझा यांनी प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पहिल्या अवस्थेत विहिरीतून पाणी हाताने शेंदावे लागते, पुढे रहाट मदतीला येतो, मग पाटाचे पाणी मिळते आणि शेवटी पाऊस पडतो. नव्याने नेम धरणारा असतो पोहऱ्यापाशी. त्याची अपेक्षा मात्र पावसाची असते. कधी कधी विहीरही कोरडी असते, तरी शेंदणाऱ्याने आपले काम करावे, असे त्या म्हणतात. मदर तेरेसा यांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला होता. अनेक दशके आतून रितेपण जाणवत असतानाही त्यांनी रोजची प्रार्थना सोडली नव्हती, हे त्यांतून दिसून आले.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा उपाय काहीसा गमतीचा, पण धोरणी आहे. मन रमत नसेल तेव्हा ठरलेल्या तासापेक्षा थोडे अधिकच बसावे, असे ते सांगतात. उठून जाण्याचा मोह होतो, म्हणून नेमके तेथेच त्याला नमवायचे. अर्थात मूळ वेळ आवाक्यातली असेल तरच हे शक्य आहे.

राहिला प्रश्न चुकलेल्या दिवसांचा. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मक्‌चेन यांनी 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या बायबलवाचनाचे वेळापत्रक तयार केले. ते जगभर आजही वापरले जाते. त्यासोबत त्यांनी धोकेही लिहून ठेवले होते : वाचन उपचारापुरते उरेल, नेम पाळल्याचा अहंकार चढेल, काहींना हे जोखड पेलणार नाही. नेमाचा खाडा झाला की मागचे दहा अध्याय एका बैठकीत भरून काढू पाहणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी पुन्हा गळतात. मागची थकबाकी सोडून देऊन आजच्या तारखेपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे.

रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा अखेरची लोकल गाठून घरी येणाऱ्याला सकाळचा कोणताच नियम लागू पडत नाही. त्यांच्यासाठी बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील शेवटची, झोपेपूर्वीची उपासना सोयीची आहे. इतर उपासनांतील स्तोत्रे दिवसागणिक बदलत. हिच्यातील तीन स्तोत्रे मात्र रोज तीच असत, त्यामुळे ती सहज पाठ होत आणि दिव्याशिवायही म्हणता येत. आजच्या क्रमांकाप्रमाणे ती 4, 91 आणि 134 ही स्तोत्रे होत. तिन्ही मिळून सत्तावीस वचने आहेत आणि पाच मिनिटांत म्हणून होतात.