आड आपल्या अंगणातला

जगातला पहिला वेब सर्व्हर म्हटला की यंत्रांनी भरलेला एखादा प्रचंड वाडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तो चालू झाला, तो टिम बर्नर्स-ली यांच्या नेहमीच्या कामाच्या नेक्स्ट संगणकावर. त्या यंत्रावर लाल शाईने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी डकविलेली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची.

सर्व्हर हा शब्द भारदस्त असला तरी त्याचा अर्थ साधा आहे. मागितलेले पान देणारा प्रोग्रॅम तो सर्व्हर, मागणारा तो ब्राउझर. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? परंतु आड आणि पोहरा एकाच अंगणात असू शकतात, हे आपण विसरतो. १२७.०.०.१ हा पत्ता त्यासाठीच राखलेला आहे. त्यावर धाडलेली मागणी संगणकाबाहेर पडतच नाही. तेथलाच सर्व्हर तिला उत्तर देतो.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे हे प्रोग्रॅम सर्वांस मुक्त केले. १९९५ मध्ये स्वयंसेवकांनी अपाची हा सर्व्हर घडविला आणि तोही विनामूल्य दिला. मग आपण परक्या पाणवठ्यावर का गेलो? घरची टेलिफोनची जोडणी तुटत असे, पत्ता दर वेळी बदलत असे. जुन्या पद्धतीत पत्तेच मुळी सुमारे ४२९ कोटी. म्हणून अनेक यंत्रे एका पत्त्याआड गेली आणि बाहेरच्याला घरच्या सर्व्हरचे दार सापडणे अवघड झाले.

परक्या जागेची सोय खरी, पण तिची किंमतही खरी. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने मांडलेली लक्षावधी पाने २००९ मध्ये ती सेवा बंद होताच मूळ ठिकाणाहून नाहीशी झाली. काही जिज्ञासूंनी धावपळ करून प्रती वाचविल्या, तेवढ्याच उरल्या.

घरचा सर्व्हर चालविणे सर्वांस जमेल असे आम्ही म्हणत नाही. वीज, प्रती, कुलूपकिल्ली, सारे आपणच सांभाळावे लागते. ती लाल चिठ्ठी हेच सांगते: यंत्र आपले, म्हणून ते जागे ठेवण्याची जबाबदारीही आपली. तथापि आपल्या लेखनाची एक प्रत तरी आपल्या अंगणात असावी, एवढा बोध या इतिहासातून आपण घ्यावा.