लडाखमधील कौटुंबिक संग्रहालये

हिमालय व काराकोरम या पर्वतरांगांच्या दरम्यान वसलेल्या लडाख प्रदेशात स्थानिक कुटुंबांनी आपल्या राहत्या घरांत, वाड्यांत वा जुन्या वस्तीत स्थापन केलेली व स्वतःच चालविलेली संग्रहालये. भारत, तिबेट व मध्य आशिया यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांचा वारसा त्यांत जतन केलेला आहे. कारगिल येथील मुन्शी अझीझ भट संग्रहालय हे त्यांतील प्रमुख असून तुर्तुक, स्तोक व हुंदरमान येथील संग्रह त्याला पूरक ठरतात. या व्यापाराचे तह, जकातीचे दर व आयात-निर्यातीचे आकडे शासकीय दप्तरांत सापडतात; परंतु मालाची गाठोडी, उधारीच्या नोंदी, घोड्यांचे साज व व्यापाऱ्यांचा आपसांतील पत्रव्यवहार हे साहित्य मुख्यतः त्या त्या घराण्यांकडेच राहिले. ते टिकले, तेही बहुधा कोणत्याही शासकीय योजनेमुळे नव्हे, तर एखाद्या कुटुंबाने ते विकावयाचे वा टाकून द्यावयाचे नाही असे ठरविल्यामुळे. या संग्रहांचे महत्त्व आणि त्यांची असुरक्षितता ही दोन्ही त्यातच आहेत.

व्यापाराची पार्श्वभूमी : लडाखमध्ये शेतीयोग्य जमीन थोडी व पाऊस अत्यल्प, त्यामुळे वाहतूक व व्यापार हे उपजीविकेचे महत्त्वाचे साधन होते. पश्चिम तिबेट व चांगथांगच्या पठारावरील पश्मीना लोकर लडाखमार्गे काश्मीरच्या शालविणकरांकडे जाई. १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने या लोकरीच्या व्यापारातील लडाखचे खास स्थान मान्य करण्यात आले. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या नेतृत्वाखाली डोग्रा सैन्याने लडाखवर स्वारी केली. पुढे हा प्रदेश जम्मू-काश्मीर संस्थानात समाविष्ट झाला. महाराजा रणबीरसिंग व ब्रिटिश सरकार यांच्यात १८७० मध्ये झालेल्या व्यापारी करारानुसार मध्य आशियाकडे जाणारा मार्ग खुला करण्यात आला आणि त्याच्या देखरेखीसाठी लेह येथे संयुक्त आयुक्तांची व्यवस्था करण्यात आली.

लेहहून यार्कंदकडे जाणारा मार्ग नुब्रा खोऱ्यातून, सासेर ला ओलांडून काराकोरम खिंडीकडे (सु. ५,५४० मी.) जात असे. चारा व सरपण यांचा अभाव, विरळ हवा व हिमवादळे यांमुळे या वाटेवर असंख्य जनावरे दगावत. यार्कंद व खोतान येथून रेशीम, गालिचे, नमदे, घोडे व चरस लडाखात येई; पंजाबातील अमृतसर व होशियारपूर येथील व्यापारी सुती कापड, मसाले, रंग व कारखानी माल उत्तरेकडे पाठवीत. तिबेटमधून लोकर, मीठ, चहा व पिरोजा, पुगा खोऱ्यातून टाकणखार आणि पुरिग व बाल्टिस्तान येथून जर्दाळू येत. खिंडी हिवाळ्यात बंद होत असल्याने विकलेल्या मालाची रक्कम हाती येण्यास अनेकदा वर्ष उलटे. परिणामी हा सर्व व्यवहार उधारीवर व परस्परांच्या शब्दावर चालत असे. यार्कंदी व काश्मीरी व्यापारी आणि लडाखी स्त्रिया यांच्या विवाहांतून ‘अर्घोन’ हा समाज निर्माण झाला, तोही याच व्यापाराचा परिणाम होय.

कारगिल व अझीझ भट सराई : सुरू नदीच्या काठी सु. २,६७० मी. उंचीवर वसलेले कारगिल हे श्रीनगर व लेह या दोहोंपासून सु. २०० कि.मी. अंतरावर आहे. झोजी लामार्गे (३,५२८ मी.) येणारी काश्मीरची वाट, सुरू खोऱ्यातून झांस्करकडे जाणारी वाट आणि सिंधू नदीच्या कडेने बाल्टिस्तानातील स्कार्दूला जाणारी वाट यांचा संगम येथे होतो. त्यामुळे हे गाव मुक्कामाचे, घोडी बदलण्याचे व माल साठविण्याचे ठिकाण बनले. द्रास व कारगिल भागातील भाडोत्री घोडेवाल्यांचा (किरायाकश) वाहतुकीत मोठा वाटा होता.

मुन्शी अझीझ भट (१८६६–१९४८) हे महाराजांच्या अंमलात कारगिल येथे अधिकृत अर्जनवीस होते. अरजी, करार व दाव्यांचे कागद तयार करण्याच्या कामामुळे त्यांचा विविध व्यापाऱ्यांशी संबंध येई. वयाची पन्नाशी जवळ आली असता, १९१५ मध्ये, त्यांनी स्वतःची व्यापारी पेढी सुरू केली आणि १९२० मध्ये कारगिलच्या बाजारात सराई बांधली. जनावरे व त्यांचा चारा यांसाठी खालची जागा आणि माल व माणसे यांच्यासाठी वरचे मजले अशी सराईची मांडणी होती. त्याच आवारात दुकानेही होती. तांड्यांना निवारा मिळे, मालाला कोठार मिळे आणि पेढीला ग्राहक मिळत. अशी एकाच छपराखालची व्यवस्था हे या सराईचे वैशिष्ट्य होय.

व्यापाराचा अंत : मध्य आशियाई व्यापाराला उतरती कळा १९३० नंतरच्या दशकातच लागली होती. शिंजियांगमधील बंडाळी, तेथील प्रशासनाची बदललेली धोरणे आणि चरसाच्या निर्यातीवरील बंदी यांमुळे तांड्यांची संख्या घटत गेली. कारगिलवर मात्र निर्णायक आघात झाला तो १९४८ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात कारगिल आक्रमकांच्या हाती पडले व नोव्हेंबरमध्ये भारतीय सैन्याने ते परत घेतले. १९४९ च्या युद्धविराम रेषेमुळे स्कार्दूची वाट बंद झाली. त्याच वर्षी शिंजियांग साम्यवादी चीनच्या अंमलाखाली गेल्यावर काराकोरम मार्गही बंद झाला आणि १९६२ च्या भारत-चीन संघर्षानंतर तिबेटशी चालणारा व्यापारही थांबला. झोजी ला ओलांडून मोटाररस्ता झाला, तेव्हा घोड्यांच्या तांड्यांची गरजही उरली नाही. अवघ्या दीड दशकात कारगिल हे चार वाटांच्या नाक्यावरील गाव न राहता सीमेवरचे गाव झाले.

अझीझ भट यांचे निधन १९४८ मध्येच झाले. त्यानंतर सराईचा वापर बंद पडला आणि न खपलेला माल खोक्यांत व गाठोड्यांत तसाच राहिला. व्यापार हळूहळू आटला असता, तर हा माल विकला वा वापरला गेला असता. तो एकाएकी थांबला म्हणूनच तो शिल्लक राहिला. १९९९ च्या भारत-पाक संघर्षात कारगिल शहरावर तोफांचा मारा झाला, तेव्हाही ही खोकी सराईतच होती.

संग्रहालयाची स्थापना : १९९९ च्या संघर्षानंतर कुटुंबीयांनी जुन्या सराईची बंद दालने उघडली. निरनिराळ्या देशांचे शिक्के असलेली लाकडी खोकी, साज व कागद तेथे आढळले. जुन्या वस्तूंच्या बाजारात यांतील बऱ्याच मालाला चांगली किंमत आली असती. तथापि मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी या संचाचे ऐतिहासिक मोल लक्षात आणून दिल्यावर कुटुंबाने तो एकत्र ठेवण्याचा निर्णय घेतला आणि २००४ मध्ये आपल्या घरातच संग्रहालय उघडले. त्याची देखरेख अझीझ भट यांचे वंशजच करतात. येणाऱ्यांना दालने दाखविणे, वस्तूंची माहिती सांगणे, नोंदी ठेवणे ही कामेही तेच करतात.

संग्रहाचे स्वरूप : संग्रहात यार्कंदी व तिबेटी धाटणीची खोगिरे, रिकिबी, लगाम व नाल, रेशमी व लोकरी वस्त्रे, गालिचे व नमदे, तांब्याची व चांदीची भांडी, चहाची उपकरणे व हुक्के, पिरोजा व पोवळे यांचे दागिने, नाणी, शस्त्रे, हस्तलिखिते व व्यापारी पत्रव्यवहार यांचा समावेश आहे. यांच्या जोडीलाच युरोप व अमेरिकेतील कारखान्यांत तयार झालेली बटणे, साबण, मलमे व रंग आहेत. अभ्यासकांच्या दृष्टीने ही अखेरची वर्गवारी विशेष लक्षणीय आहे. दुर्गम पर्वतातील हा व्यापार केवळ रेशीम व रत्ने यांसारख्या उंची मालाचा होता, हा रूढ समज त्यामुळे दूर होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घोड्याच्या पाठीवरून हिमालय ओलांडणाऱ्या मालात बंदरांतून व आगगाडीने आलेल्या कारखानी वस्तूही होत्या. औद्योगिक जगापासून तुटलेली वाट असे या मार्गांचे स्वरूप नव्हते, तर त्या जगाची ती एक दूरची शाखा होती.

अन्य कौटुंबिक संग्रहालये : श्योक नदीकाठचे तुर्तुक हे बाल्टी गाव १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आले आणि २०१० मध्ये पर्यटकांसाठी खुले झाले. खापलूच्या यागबो (याबगो) या राजघराण्याच्या वंशजांनी तेथील आपल्या जुन्या वाड्यात वंशावळ, शस्त्रे, पोशाख व घरगुती वस्तू मांडल्या आहेत. त्याच गावातील एका जुन्या बाल्टी घरात दगडी भांडी, शेतीची अवजारे व स्वयंपाकघर मूळ स्थितीत दाखविले जाते. लेहजवळील स्तोक येथील राजवाडा हे लडाखच्या राजघराण्याचे निवासस्थान असून त्यातील संग्रहालयात राजचिन्हे, थांगका चित्रे व पिरोजाजडित ‘पेराक’ हे शिरोभूषण पाहावयास मिळते. पेराकमधील पिरोजा व त्यासोबतची पोवळी लडाखात निपजत नाहीत. दूर देशांतून व्यापाराच्या वाटांनी आलेल्या या खड्यांतूनच घराण्याची प्रतिष्ठा दिसून येई.

कारगिलजवळील हुंदरमान हे गावही १९७१ पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होते. त्याच्या सोडून दिलेल्या जुन्या वस्तीतील एका घरात विभक्त झालेल्या आप्तांची पत्रे, भांडी, कपडे व तत्सम वस्तू मांडण्यात आल्या आहेत. येथे व्यापारी माल फारसा नाही. पण वाट बंद झाली म्हणजे माणसांचे काय होते, याचा पुरावा मात्र येथे मिळतो. या दृष्टीने हुंदरमानचा संग्रह हा कारगिलच्या संग्रहाचा उत्तरार्ध म्हणता येईल.

ऐतिहासिक मूल्य व मर्यादा : बाजारात विकत घेतलेल्या पुरावस्तूंबाबत त्या कोठून व कोणाकडून आल्या, हे बहुधा सांगता येत नाही. कौटुंबिक संग्रहात वस्तू, तिचा मालक, ती जेथे साठविली गेली ती जागा आणि तिच्याविषयीचा कागद यांचा परस्परसंबंध टिकून राहतो. खोगीर एका दुकानात, पत्र दुसऱ्या दुकानात व गालिचा परदेशी गेला, तर तिन्ही वस्तू शाबूत राहूनही त्यांच्यातील इतिहास मात्र नष्ट होतो. जॅनेट रिझवी यांनी वृद्ध व्यापारी व घोडेवाले यांच्या मुलाखतींच्या आधारे हिमालयपार व्यापारावर लिहिलेला ग्रंथ १९९९ मध्ये, तर जॅकलिन फ्यूक्स यांचा लडाखच्या व्यापारी समाजावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काराकोरमची वाट प्रत्यक्ष चाललेल्या पिढीच्या साक्षीची जागा आता कागदपत्रे व वस्तू यांनाच घ्यावी लागणार आहे.

अशा संग्रहांच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. संग्रह पेढीच्या मालकाचा असल्याने इतिहासही मालकाच्या बाजूने दिसतो. ओझी वाहणारे हमाल, सक्तीची बेगार करणारे खेडूत, वाटेत दगावलेल्या घोड्यांचे धनी यांच्या मालकीच्या वस्तू अल्प व त्यांचे लेखी कागद जवळजवळ नाहीत. पूर्वजाविषयीचा आदर व चिकित्सा यांचा मेळ घालणे कोणत्याही वंशजास अवघडच असते. म्हणून या साहित्याचा अभ्यास शासकीय अहवाल व मौखिक परंपरा यांच्याशी ताडून करणे इष्ट ठरते.

संरक्षणाचा प्रश्न : भारतातील पुरावस्तूंची निर्यात व विक्री यांचे नियमन पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ या कायद्याने होते. त्यानुसार सामान्यतः किमान १०० वर्षे जुनी वस्तू व ऐतिहासिक वा तत्सम मूल्य असलेले किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित वा दस्तऐवज हे पुरावस्तू ठरतात. अझीझ भट यांची पेढी १९१५ मध्ये सुरू झाली व १९४८ मध्ये सराई ओस पडली. म्हणजे २००४ मध्ये संग्रहालय उघडले, तेव्हा पेढीच्या काळात बनलेली एकही वस्तू शंभर वर्षांची झालेली नव्हती. बटणे, साबण व रंग यांची खोकी त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने निव्वळ जुना माल होती. ती विकून टाकण्यास कोणताही प्रतिबंध नव्हता व ती जपण्याची सक्तीही कोणावर नव्हती. कायद्याचे संरक्षण मिळण्याइतकी वस्तू जुनी होईपर्यंतचा काळ हाच तिच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो आणि तो काळ या संग्रहाने केवळ कुटुंबाच्या निर्धारावर ओलांडला. वस्तू शंभर वर्षांची झाल्यावरही हा कायदा तिच्या परदेशगमनास आळा घालतो. तिची डागडुजी, कसरीपासून बचाव वा सूची करण्याची जबाबदारी मालकावरच राहते.

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. पर्यटनाची वाढ या संग्रहालयांना प्रेक्षक मिळवून देते, त्याचप्रमाणे जुन्या वस्तूंची मागणीही वाढविते. एका पिढीने जपलेला संग्रह पुढील पिढीत वाटणीमुळे विभागला जाण्याचा, अथवा सांभाळणारे शिक्षण व नोकरीसाठी बाहेर गेल्याने बंद पडण्याचा संभव नेहमीच असतो. कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या प्रती अन्यत्र ठेवणे, प्रत्येक वस्तूची तिच्या मूळ स्थानासह नोंद करणे आणि मालकी कुटुंबाकडेच ठेवून जतनाचे तांत्रिक साहाय्य पुरविणे, हे उपाय त्या दृष्टीने उपयुक्त ठरणारे आहेत. वस्तू दूरच्या मोठ्या संग्रहालयात हलविल्यास ती अधिक सुरक्षित राहील हे खरे. परंतु कारगिलच्या बाजारातील सराई, तिचे मालक आणि तिच्यातील माल यांना एकत्र बांधणारा दुवा मात्र त्यामुळे तुटेल.