पूर्वपक्षाचें जतन : मुंबईंतील धर्मवादाचे तीन प्रसंग

ख्रिस्ती उपदेशकाचा उपदेश श्रोत्यानें झिडकारला, तर त्या उपदेशकानें काय करावें? मुंबईंत या प्रश्नाचीं जीं उत्तरें छापील रूपानें उरलीं आहेत, तीं संग्राहकांच्या उपयोगाचीं असल्यामुळें त्यांविषयीं चार शब्द लिहीत आहों.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. त्यांच्याशीं झालेल्या जाहीर वादानंतर मोरभट्ट दांडेकर यांनीं १८३१ त ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून त्यांचा उपदेश अमान्य केला. पुढच्याच वर्षीं विल्सननीं त्याचें इंग्रजींत खंडन प्रसिद्ध केलें. पण आरंभीं भटजींच्या ग्रंथाचें भाषांतर जोडलें. १८३४ त साताऱ्याच्या नारायणरावांसही त्यांनीं ग्रंथानेंच उत्तर दिलें. प्रतिपक्ष्याचें म्हणणें आधीं मांडावें आणि मग तें खोडावें, ही तर आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत. विल्सनची भाषा मात्र सौम्य नव्हती. आमच्या धर्माचें पितळ उघडें पाडल्याचा आव त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच आहे. तरीहि भटजींचें म्हणणें इंग्रजी वाचकांस उपलब्ध राहिलें तें या प्रतिपक्ष्यामुळेंच, हें नाकारतां येत नाहीं.

हा वाद नेहमीं कागदावरच राहिला असें नाहीं. १८३९ त विल्सनच्या शाळेशीं संबंध असलेल्या पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें आणि पारशी मुलें शाळा सोडून गेलीं. तत्त्वाचा वाद घराच्या उंबऱ्याशीं आला म्हणजे पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त टिकत नाहीं. बापाच्या दुःखाला खंडनग्रंथ हें उत्तर नव्हे.

तिसरा प्रसंग १८५७ च्या पूर्वार्धांतला. विष्णुबावा ब्रह्मचारी हे बॅकबेच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं उघड्यावर वाद करीत व श्रोत्यांची गर्दी जमे. प्रतिपक्षांत जॉर्ज बोएन हे अमेरिकन मिशनरी होते. त्यांनीं त्याच वर्षीं या वादांचा इंग्रजी वृत्तान्त पुस्तकरूपानें छापला. विष्णुबावा १८७१ त वारले; त्यांच्या बाजूचा मराठी ग्रंथ ‘समुद्रकिनारीं वादविवाद’ त्यानंतर, १८७२ त, निघाला. एकाच वाळूवरच्या वादाचे असे दोन वृत्तान्त झाले.

या बोएनसाहेबांचें चरित्रहि विचार करण्याजोगें आहे. १८४८ त ते मुंबईंत आले, मिशनचा पगार सोडून गरिबींत राहिले, आणि १८८८ त येथेंच वारले. चाळीस वर्षांत त्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेले लोक फार थोडे. परंतु नकार ऐकून त्यांनीं शहर सोडलें नाहीं, कीं रस्त्यावरचा उपदेश सोडला नाहीं. त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. त्यांचें धैर्य मान्य आहे.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच. आपल्या पक्षाचा ग्रंथ तेवढा जपावा आणि प्रतिपक्ष्याचा रद्दींत टाकावा, ही संवय घातक आहे. दांडेकरांजवळ विल्सन आणि विष्णुबावांजवळ बोएन, असे हे ग्रंथ एकाच रुमालांत बांधून ठेवावे. त्यांतला एक गेला, तर दुसऱ्याचा अर्थहि अर्धाच उरेल.