तापीचा हाये का?

आजी मासळीची पाटी घेऊन रावेरच्या बाजारात बसायची तेव्हा तिला ओरडावं लागायचं नाही. गिऱ्हाईक पाटीवरचं ओलं फडकं उचलायचं आणि एवढंच विचारायचं, "तापीचा हाये का?" आजी मान हलवायची. मग घासाघीस फारशी होत नसे. तापीचा मासा म्हणजे वाहत्या पाण्याचा, चिखलाचा वास नसलेला. नदीच्या नावावर आमच्या घराची पत चालायची.

आमचं घर भोयांचं. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर ओलांडते आणि महाराष्ट्रात शिरते ती आमच्या रावेर तालुक्यातून. पुढे चांगदेवला पूर्णा तिला मिळते. या एवढ्या पट्ट्यात आजोबांचा जन्म सरला. पावसाळा-हिवाळ्यात फेकजाळं, उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या. तहान लागली की वाळूत झिरा उकरायचा आणि ओंजळीनं प्यायचं. आजी म्हणायची, गंगेत न्हावं लागतं, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीमायचं मात्र नुसतं स्मरण पुरतं.

आजोबांची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की ती मला पाठ आहे. उन्हाळा सरत आला होता, डोह आटले होते. रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पहाटे काळपट, फेसाळ पाणी आलं. उजाडलं तेव्हा झिंगे पाणी सोडून ओल्या वाळूवर चढलेले. शिंगाडे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत डोहभर पांढरी पोटं तरंगू लागली. "मरळ तेवढी फिरत व्हती," आजोबा सांगायचे, "लई हट्टी जात ती." मेलेली मासळी त्यांनी वाळूत खड्डे करून पुरली. आजी कितीतरी दिवस बाजारात गेली नाही. गेली तेव्हा तोच प्रश्न आला, "तापीचा हाये का?" तिनं मान हलवली, आणि गिऱ्हाईक फडकं न उचलताच पुढे गेलं.

मरळ का वाचली, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची खास जागा असते; पाण्यातला प्राणवायू संपला तरी ती वर येऊन श्वास घेते. शिंगाड्याला ते जमत नाही. कारखान्यांचं आणि गावांचं सेंद्रिय सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्यात प्रवाह थांबलेला, डोह उथळ, त्यात पहिल्या पावसानं नाल्यांत साचलेलं सगळं एकदम लोटून आणलेलं. मासळी जगायची तर लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. झिंगे काठावर चढले, शिंगाडे मेले, मरळ जगली. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण त्या तीन वाक्यांत पाण्याचा तपासणी अहवालच होता.

तो अहवाल कुणी मागितला नाही. त्या दिवशी पाण्याचा नमुना कुणी घेतला नाही, म्हणून आज दोषही कुणाच्या माथी ठेवता येत नाही. नदीवरचा विश्वास तिथं तुटला. मासळी मेली त्याहून जास्त, ती का मेली हे कुणी सांगितलं नाही म्हणून. राज्यात जलप्रदूषणाचा कायदा 1969 साली झाला, देशाचा 1974 साली. पण नदी तीन राज्यांची आणि मंडळंही तीन. पाणी एका रात्रीत हद्द ओलांडतं, तक्रारीचा कागद तितक्या लवकर ओलांडत नाही.

एकट्या सांडपाण्यालाही सगळा दोष देऊन चालणार नाही. भुसावळजवळ हतनूर धरण झालं आणि वाहती नदी तुंबली, मासळीच्या जाती बदलल्या. तरी 2018 साली केंद्रीय मंडळानं देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात तापीचं नाव होतंच. महाराष्ट्राचे पट्टे 53, सगळ्या राज्यांत जास्त.

पालघरकडच्या मच्छीमारांनी आजोबांसारखी आठवण दप्तरात नेऊन ठेवली. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. न्यायाधिकरणानं नेमलेल्या समितीनं शंभरावर कारखान्यांकडून सुमारे 160 कोटींची भरपाई घ्यावी, असं सुचवलं. खाडीत काय मिळायचं आणि काय मिळेनासं झालं, हे तिथल्या कोळ्यांनी सांगितलं म्हणून ते ऐकलं गेलं.

आमच्याकडे ते सांगणारी माणसं एकेक करून चालली आहेत. म्हणून मी आता गावातल्या म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसतो. कोणत्या डोहात वाम मिळायची, झिरे कधीपासून कुणी पिईनासं झालं, फेस पहिल्यांदा कुठे दिसला, सगळं लिहून घेतो. घाटावर पाण्याची मोजणी मराठीत लिहिलेली पाटी लागावी, मासळी मेली तर त्याच दिवशी नमुना घेतला जावा आणि त्याचं उत्तर गावात वाचून दाखवावं, एवढं मागणं त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

रावेरच्या बाजारात परवा एका बाईंच्या पाटीत शिंगाडा दिसला. माझ्या तोंडून आपसूक आलं, "तापीचा हाये का?" त्या पटकन म्हणाल्या, "नाही भाऊ, तापीचा नाही, घ्या." त्या "नाही"त मला दिलासा द्यायची धडपड होती. मासा मी घेतला. घरी येऊन वही उघडली आणि त्या बाईंचं वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं.