चाकावर उठलेलं नाव

हळदीला भाव आला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो, सगळ्यांवर पोत्यांची थप्पी, आणि रांग सरकायचं नाव घेत नाही. अशा वेळी कुणी मोबाइल बघतो, कुणी झोपतो. मी पुढच्या गाडीचा टायर वाचतो. कंपनीचं नाव, ट्रॅक्टर असेल तर १३.६-२८ असा मापाचा आकडा, एका कोपऱ्यात आयएसआयची खूण. हल्ली ही उठावाची अक्षरं कुणी पांढऱ्या रंगानं भरलेली असतात, कुणी पिवळ्या. एका पिकअपच्या टायरवर मात्र कंपनीच्या नावाशेजारी वेगळीच दोन अक्षरं दिसली. रंगवलेली नव्हती. जुन्या ट्यूबमधून कापून चिकटवलेली, बोट फिरवलं तर हाताला लागणारी. 'आई'.

गाडीच्या मागं 'आईचा आशीर्वाद' आपण रोज वाचतो, त्यात नवल नाही. पण ते चाकावर, आणि तेही उठावानं? या अक्षराचं कूळ शोधायला गेलो आणि बराच लांब जाऊन आलो.

आपल्या चाकाला मुळात नाव नव्हतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर असायची ती धाव, म्हणजे लोखंडी पट्ट्याचं कडं. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसायचं आणि आरे, तुंबा सगळं आवळून धरायचं. धावेवर कुणी नाव घातलं असतं तरी ते टिकलं नसतं, कारण धाव जमिनीवरच घासत चालते. नावासाठी चाकाला अशी जागा हवी, जी फिरेल पण झिजणार नाही. ही जागा चाकाला रबरी टायरनं दिली. टायरची बाजू, इंग्रजीतली साइडवॉल, म्हणजे गिरणीच्या दारावरच्या पाटीसारखी मोकळी भिंत.

जॉन बॉइड डनलप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टला स्थायिक झालेला गुरांचा डॉक्टर. त्यानं १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेला टायर बसवला. त्याच्या नावाच्या कंपनीनं पुढं १९३६ साली हुगळी जिल्ह्यात साहागंजला कारखाना काढला. मग हवेचे टायर बैलगाडीखाली आले. धावेच्या गाडीचा खडखडाट गेला, बैलांच्या मानेवरचा हिसका कमी झाला, आणि त्या गाडीला कुणी 'टायरगाडी' म्हणालं, कुणी सरळ 'डनलप'. ते नाव लोकांना कुणी शिकवलं नव्हतं. ते टायरच्या अंगावरच होतं. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. गुरांच्या डॉक्टरचं नाव फिरून पुन्हा बैलांच्या मागं येऊन लागलं, हे मला फार आवडतं. पुढं याच कंपनीच्या फोमच्या गाद्या आल्या आणि लग्नात 'डनलपची गादी' देण्याची ऐट सुरू झाली. गाडी आणि गादी, दोन्हींना एकच नाव पुरलं.

टायरवर ज्यांची नावं उठली त्यांची वंशावळ अशीच गमतीची आहे. गंधक घालून रबर तापवलं तर ते उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. १८६० मध्ये तो कर्जात मेला. गुडइयर कंपनी निघाली १८९८ मध्ये, तिचा त्याच्याशी वा त्याच्या घराण्याशी काही संबंध नव्हता. नाव तेवढं आदरानं उचललं. 'सिएट' ही चार अक्षरं म्हणजे इटलीतल्या तुरीन शहरातल्या विजेच्या तारांच्या कंपनीची आद्याक्षरं. ती मुंबईत आली १९५८ मध्ये. 'एमआरएफ' म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये ती सुरू झाली ती पोरांचे फुगे बनवायला. गुरांचा डॉक्टर, कर्जबाजारी संशोधक, तारा आणि फुगे. रांगेत उभं राहून इतकं वाचता येतं.

ही अक्षरं उठतात कशी? कच्चा टायर मऊ, चिकट आणि गुळगुळीत असतो. तो साच्यात ठेवून आतून वाफेच्या दाबानं फुगवतात आणि दीडशे अंशांच्या पुढं तापवतात. साच्यात अक्षरं खोदलेली असतात, तीही उलटी, आरशात दिसतात तशी. मऊ रबर त्या खोबणीत शिरतं, शिजतं, आणि बाहेर येतं तेव्हा अक्षर सुलटं आणि उठावाचं झालेलं असतं. नव्या टायरवर जे रबरी केस दिसतात, ते साच्यातली हवा निघून जायच्या बारीक भोकांत शिरलेलं रबर. टायर कोणत्या आठवड्यात तयार झाला हे सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यांची छोटी पट्टी साच्यात दर आठवड्याला बदलावी लागते. सगळ्या टायरवर काळानुसार बदलणारं अक्षर तेवढं एकच.

म्हणजे टायरवर अक्षर उठवायचं तर साचा तुमच्या मालकीचा हवा. आणि इथंच आपली अडचण होते, कारण आपला हात खोदण्याला सरावलेला आहे. लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात ते टिंबाटिंबानं ठोकून, म्हणजे खोल. जात्याला टाकी लावतात तीही खोल. आपले मराठी आणि संस्कृत शिलालेख बहुतेक खोदीव आहेत. दख्खनमधले फारसी लेख पाहा, तिथं अक्षर सोडून भोवतालचा दगड तासलेला असतो आणि अक्षर वर राहतं. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तेव्हा उठावाचं अक्षर इथल्या माणसाच्या हातात रोज यायचं, पण ते हाली सिक्क्याच्या नाण्यावर. म्हणजे तेही दुसऱ्याच्या साच्यातलं.

अक्षरांनी टायरवर नुसती शोभा न करता काम केलं, असं एकच ठळक उदाहरण मला ठाऊक आहे. १९०८ मध्ये फायरस्टोन कंपनीनं 'फायरस्टोन नॉन स्किड' हे शब्दच टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर तिरपे उठवले. घसरू नये म्हणून जी नक्षी हवी होती, ती अक्षरांचीच केली. ओल्या मातीत त्या काळी जाहिरात छापत जाणारं चाक! ती अक्षरं अर्थातच झिजून गेली. टिकली ती बाजूची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दणकट मोटारींची हौस वाढली आणि हीच अक्षरं पांढरी झाली. ती रंगवलेली नव्हती. काळ्या रबराखाली पांढऱ्या रबराचा थर घालायचा, अक्षर उठवायचं आणि त्याचा माथा घासून काळी साल काढायची, की आतलं पांढरं दिसतं. आपल्याकडं पोरं रंगाच्या पेननं जे भरतात ती या घासकामाची नक्कल.

नक्कल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. सचिनच्या बॅटवर एमआरएफ आलं, तेव्हा गावोगावच्या पोरांनी बाभळीच्या नाहीतर फळीच्या बॅटवर स्केचपेननं तीच तीन अक्षरं लिहिली. त्यातल्या बहुतेकांना ही टायरची कंपनी आहे हेही माहीत नसावं. दुसऱ्याच्या साच्यातलं नाव आपल्या हातानं गिरवायचं ही त्यांची पहिली पायरी. दुसरी पायरी नंबरप्लेट. ४१४१ असा नंबर मिळवायचा आणि तो 'दादा' दिसेल असा लिहून घ्यायचा, २१४ चा 'राम' करायचा, ही कारागिरी रेडियमवाल्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं चालली. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी सुरक्षित पाटी आली. तिच्यावर एमएच ३८ ठोकून उठवलेलं असतं, उठावाचंच अक्षर, पण सरकारच्या साच्यातलं, आणि त्यात 'दादा' बसत नाही. जुन्या गाड्यांनाही ती लावावी लागली. माझा अंदाज असा, की पाटीवरून हाकललेली हौस हातभर खाली उतरली आणि चाकावर जाऊन बसली. हा अंदाजच आहे, पण रांगेत उभं राहून केलेला.

आता हातानं उठवायचं कसं. मी हा उद्योग स्वतः केला, दसऱ्याच्या आधी, आपल्याच जुन्या मोटारीवर. हिंगोलीचा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा आहे आणि त्या दिवशी धुतलेली, झेंडूचा हार घातलेली गाडी नसलेलं घर इथं क्वचित सापडेल. म्हटलं, चाकावर औंढ्याच्या देवाचं नाव, 'नागनाथ' उठवू.

पहिला प्रयोग पांढऱ्या हवाई चपलेच्या तळव्याचा. लहानपणी तळव्याची गोल चाकं कापून आम्ही गाडे करायचो, तेव्हा चाकावरचं अक्षरही त्यातूनच निघेल असं वाटलं. निघालं, पण बोटभर जाड आणि आत सगळी हवेची भोकं. चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ पडलेलं. मग औंढ्याच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या मामूंकडं गेलो. त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा काढला आणि मला विचारलं, "सर, टायरला पळायचंय का शाळेत बसायचंय?" पण शिकवलं सगळं.

टायरच्या रबरात मेणासारखी आणि ओझोनपासून जपणारी द्रव्यं घातलेली असतात. ती सारखी पृष्ठभागावर येत राहतात. जुना टायर तपकिरी दिसतो तो त्यामुळं. या थरावर काहीही चिकटत नाही. तो आधी पुसून काढायचा, मग कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. हलकं म्हणजे अगदी वरची चकाकी जाण्यापुरतं. मोटारीच्या रेडियल टायरच्या बाजूत बहुतेक वेळा धाग्यांचा एकच थर असतो. कानस तिथवर गेली तर तो टायर गेला, आणि बाजूला गेलेल्या टायरला ठिगळ चालत नाही. ट्यूबचं अक्षरही मागच्या बाजूनं घासायचं. दोन्हीकडं सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. इथंच नवशिका फसतो. ओल्यावरच चिकटवलं तर अक्षर सरकतं. बोट लावल्यावर चिकटेल पण सुटून येणार नाही इतकं वाळलं की मग ठेवायचं, आणि मधून कडेकडे दाबत न्यायचं. पंक्चरचं ठिगळ आणि टायरवरचं अक्षर यांत कारागिरीच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. ठिगळाला आत हवेचा दाब धरून ठेवतो, अक्षराला कुणी धरत नाही, एवढंच.

आणि ओढ किती! माझ्या गाडीचा टायर एका किलोमीटरात पाचशेहून जास्त वेळा फिरतो. हिंगोली ते औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणजे साडेबारा हजारांहून जास्त फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात अक्षर जमिनीजवळ आलं की टायर फुगतो, ते वाकतं, वर गेलं की सरळ होतं. ताशी ८० च्या वेगाला पाच ग्रॅमचं अक्षर साधारण सातशे ग्रॅमच्या ताकदीनं बाहेर ओढलं जातं. शिवाय एकाच बाजूला वजन आलं की चाक थरथरतं. कंपन्यांची नावंही बहुधा समोरासमोर दोनदा असतात. मामूंनीही तेच सांगितलं, एक नाव वर, एक खाली.

खरा पेच आला तो देवनागरीचा. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, प्रत्येक आपापलं वाकतं. आपली अक्षरं शिरोरेषेनं एकमेकांना बांधलेली. सरळ रेघेवर हीच आपली शोभा, पण गोल फिरणाऱ्या, दर फेऱ्याला फुगणाऱ्या भिंतीवर ती रेघ म्हणजे धावेसारखी आवळलेली पट्टी. साच्यात एकजीव उठलेलं रबर हे सहज सोसेल, वरून चिकटवलेलं सोसणार नाही. मी पाहिलेल्या एकाही टायरवर कंपनीनं उठवलेलं देवनागरी अक्षर मला सापडलेलं नाही. म्हणजे त्या पिकअपवरचं 'आई' हे या कुळातलं माझ्यासाठी पहिलं देवनागरी नाव, आणि त्यातही 'आ' आणि 'ई' यांच्यामध्ये कापणाऱ्यानं बोटभर जागा सोडली होती. तेव्हा मला ते शुद्धलेखनाचं अज्ञान वाटलं होतं.

कुणी करणारच असेल तर एवढं पाळावं. मापाचा आकडा, भाराचा आकडा, आठवड्याचे चार आकडे आणि आयएसआयची खूण यांच्यावर काही चिकटवू नये. नव्या टायरला कानस लावू नये. पांढरा रंग दिला तर तो महिन्या-दोन महिन्यांत पिवळट होईल, कारण टायरमधली तीच द्रव्यं रंगात चढतात. त्यात पावसाळ्यात आपली काळी माती बसते, तेव्हा काळ्यावर काळंच ठेवलेलं बरं.

मी डाव्या चाकावर 'नागनाथ' अखंड शिरोरेषेनं लावलं होतं, उजव्या चाकावर चार अक्षरं सुटी. डावीकडचं नाव आठवडाभरात 'ग' आणि 'ना' यांच्यामध्ये फाटलं आणि उरलेलं औंढ्याच्या रस्त्यावर कुठंतरी पडलं. उजवीकडची चारही अक्षरं दिवाळीनंतर जागेवर होती.